पाटी, निशाणी आणि उमेदवारी : आपल्या जिल्ह्यातल्या निळ्या शाखांचा लिहायचा राहिलेला इतिहास

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा निवांत वाचा.

आपल्या वाशिम जिल्ह्याचं राजकारण म्हटलं की ठरलेली नावं येतात. नाईक घराणं, देशमुख, झनक, गवळी, पाटणी, डहाके. कोण कधी आमदार झालं, कोणी कोणाला पाडलं, हे चहाच्या टपरीवर सगळ्यांना पाठ असतं. पण एका पक्षाच्या तालुका शाखा या जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या चालल्या. त्यांचा स्वतःचा आमदार इथून मुंबईला फारसा गेला नाही, पण त्यांच्यामुळे इतरांची गणितं कायम बदलत राहिली. आधी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, मग रिपब्लिकन, मग भारिप, मग भारिप-बहुजन महासंघ, आणि आता वंचित. पाटीवरचं नाव चार वेळा बदललं, पाटी टांगणारी घरं बहुतेक तीच राहिली.

या शाखांचा इतिहास निवडणूक निकालांत शोधला तर 'पराभव' एवढा एकच शब्द हाती लागतो. माझं म्हणणं असं की तो उमेदवाऱ्यांत शोधला पाहिजे. तिकीट कोणाला दिलं, हा प्रश्न या शाखांनी जसा सोडवला तसा आपल्याकडे दुसऱ्या कोणी सोडवला नाही. आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली.

सुरुवातीपासून सांगतो.

वऱ्हाडात बाबासाहेबांची चळवळ लवकर पोचली. अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीला परिषद झाली, तिचे अध्यक्ष खुद्द बाबासाहेब होते. जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन स्थापन झालं. आपला भाग नागपूर-अमरावतीच्या वाऱ्यावरच वाढलेला. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली आणि वऱ्हाडातले महारवाडे बघता बघता बौद्धवाडे झाले. पुढच्याच वर्षी, ३ ऑक्टोबर १९५७ ला, नागपुरातच रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. बाबासाहेब तो पक्ष बघायला राहिले नव्हते.

मुद्दा असा की गावागावात पक्ष आणि धम्म एकाच वेळी, एकाच ओट्यावर आले. शाखेला वेगळं ऑफिस नव्हतं. विहार असेल तर विहार, नाहीतर पिंपळाखालचा पार. जयंतीची वर्गणी जमा करणारा, लग्न लावायला बौद्धाचार्य बोलावणारा, तलाठ्याकडे अर्ज लिहून देणारा आणि मतदानाच्या दिवशी बूथवर बसणारा माणूस बहुतेक वेळा एकच. याचा फायदा असा की पक्ष फुटला, नेते इकडून तिकडे गेले, तरी शाखा मेली नाही, कारण जयंती दरवर्षी येतच होती. तोटा असा की शाखा बौद्धवाड्याच्या वेशीबाहेर पडली नाही. बाकीच्या गावासाठी ती 'त्यांची' शाखा राहिली.

ही वेस ओलांडायचा पहिला मोठा प्रयत्न जमिनीवरून झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. दुसऱ्या सत्याग्रहात देशभर लाखोंनी लोक तुरुंगात गेले. मागणी साधी होती : पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्या भूमिहीनाला द्या. त्यात जातीची अट नव्हती.

गायरानाचं काम म्हणजे नुसत्या घोषणा नव्हेत. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. आधी जमिनीवरची काटेरी झुडपं तोडायची, दगड वेचायचे, पेरायचं. गावातले मोठे लोक गुरं सोडून पीक चारतील, त्याला तोंड द्यायचं. मग तलाठ्याच्या मागे लागून अतिक्रमणाची नोंद गाव नमुना १-ई मध्ये करून घ्यायची. ती नोंद नसेल तर तुम्ही वीस वर्षं कसलं तरी कागदावर कोणीच नाही. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. तेव्हा ज्या गावातल्या कार्यकर्त्याने ही नोंद चिकाटीने करून घेतली होती, तिथल्या लोकांच्या हातात काहीतरी आलं. जिथे शाखा फक्त जयंतीपुरती होती, तिथे नाही. कुठल्याही शाखेचं मूल्यमापन करायचं तर मी आधी हे विचारीन : तुमच्या काळात १-ई मध्ये किती नावं चढली?

इकडे वरच्या पातळीवर पक्षाचं काय चाललं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. दुरुस्त-नादुरुस्त, मग खोब्रागडे गट, गवई गट, पुढे आणखी गट. त्याचं पुराण लावत नाही. काँग्रेस तेव्हा इतकी भक्कम होती की वाशिम लोकसभेतून १९७७ च्या जनता लाटेतही वसंतराव नाईक निवडून आले. १९८० ला काँग्रेसने थेट जम्मू-काश्मीरचे गुलाम नबी आझाद इथे उभे केले, तेही निवडून आले, १९८४ ला पुन्हा आले. बाहेरचा माणूस इथे येऊन दोनदा खासदार होतो, आणि इथल्याच गावातल्या बेलदार, कोळी, वडार, धनगर, बंजारा माणसाला पंचायत समितीचं तिकीटही मिळत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सत्तरच्या दशकात तरुण पोरं तापलेली होती. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली. १९७४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात (तेव्हा आपण अकोला जिल्ह्यातच होतो) धाकली गावात दोन दलित भावांचे डोळे काढले गेले. पँथरने हे प्रकरण इंदिरा गांधींपर्यंत नेलं. १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि शेजारच्या मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. १९७९ ला नागपूरहून लाँग मार्च निघाला, त्याला बुलडाणा जिल्ह्यात खडकपूर्णेच्या पुलावर अडवलं. वाशिम, रिसोडच्या पलीकडे लगेच मराठवाडा लागतो. सोयरीक तिकडची, बातमी तिकडची. त्या काळात शाखेत आलेला माणूस पद मागायला आलेला नव्हता, आपली वस्ती सुरक्षित राहावी म्हणून आलेला होता. ती पिढी आज सत्तरीत आहे.

आणि मग अकोल्यात प्रकाश आंबेडकर आले.

ऐंशीच्या दशकात बाळासाहेबांनी अकोला ही कर्मभूमी निवडली. लोकसभेला १९८९, १९९१ आणि १९९६ अशा निवडणुका ते हरले, तिन्ही वेळा भाजपचे पांडुरंग फुंडकर जिंकले. पण या पराभवांतून जे गणित तयार झालं त्याला पुढे 'अकोला पॅटर्न' म्हणू लागले. हे गणित तपशिलात समजून घेण्यासारखं आहे, कारण आज बरेच जण ते नाव घेतात आणि आतलं काही सांगत नाहीत.

गणित असं. एका जिल्हा परिषद सर्कलमध्ये बौद्धांची मतं एकगठ्ठा असतात, पण तेवढ्यावर सीट निघत नाही. त्याच सर्कलमध्ये माळी, धनगर, बंजारा, कोळी, बेलदार, न्हावी, मुस्लिम असे समाज असतात. प्रत्येकाची संख्या कमी, म्हणून मोठे पक्ष त्यांना तिकीट देत नाहीत. तिकीट जातं गावातल्या वजनदार घराकडे. आता बौद्धांनी आपली मतं घेऊन यातल्या एखाद्या लहान समाजाच्या माणसाला उमेदवारी दिली, तर त्याचा समाज पहिल्यांदाच 'आपला माणूस' म्हणून उठतो. दोन्ही गठ्ठे जोडले की तिरंगी-चौरंगी लढतीत सीट निघते.

कागदावर सोपं आहे. शाखेच्या बैठकीत नाही. वर्षानुवर्षं लाठ्या खाल्लेल्या कार्यकर्त्याला सांगायचं की, बाबा, या वेळी तिकीट तुला नाही, पलीकडच्या गल्लीतल्या कालपर्यंत काँग्रेसचा झेंडा धरणाऱ्या माणसाला आहे, आणि प्रचार मात्र तुलाच करायचाय. 'मतं आपली अन् खुर्ची त्यायची, असं काऊन?' हा प्रश्न या पक्षाच्या प्रत्येक तालुका बैठकीत विचारला गेलाय. त्याचं पूर्ण उत्तर कोणी देऊ शकलं नाही. तरी लोकांनी मतं दिली. महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या समाजाने आपला गठ्ठा इतक्या वेळा दुसऱ्याच्या नावावर टाकलाय, मला सांगा.

१९९३ ला बंजारा समाजाचे नेते मखराम पवार यांच्यासोबत बहुजन महासंघ उभा राहिला. त्याच सुमाराला किनवटच्या पोटनिवडणुकीत भीमराव केराम हे आदिवासी उमेदवार महासंघातर्फे निवडून आले, आणि हे गणित अकोल्याबाहेरही चालतं हे दिसलं. १९९४ मध्ये भारिप आणि बहुजन महासंघ एक झाले. आपल्या जिल्ह्यासाठी मखराम पवारांचं नाव फार महत्त्वाचं. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी म्हणजे देशभरच्या बंजारा समाजाची काशी. मानोरा, मंगरुळपीर, कारंजा या पट्ट्यातले तांडे तोपर्यंत पुसदच्या नाईक घराण्यामागे, म्हणजेच काँग्रेसमागे होते. तिथे 'जय भीम' आणि 'जय सेवालाल' एका मंचावरून ऐकू येणं ही लहान गोष्ट नव्हती. सगळा तांडा फिरला असं नाही म्हणणार मी. पण तांड्यात निळ्या शाखेचा माणूस चहाला थांबू लागला, हे खरं.

याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ मध्ये आपल्या राज्यात जिल्हा परिषद, पंचायत समित्यांत ओबीसींना २७ टक्के आरक्षण मिळालं. म्हणजे ज्या लहान समाजांना ही शाखा स्वतःहून तिकीट देत होती, त्यांना आता सगळ्याच पक्षांना तिकीट देणं भाग पडलं. हा पॅटर्नचा विजय म्हणायचा की पॅटर्नची अडचण? माझ्या मते दोन्ही. दार उघडलं, पण दार उघडणाऱ्याची गरज कमी झाली. शिवाय नव्वदच्या दशकात गावोगाव शिवसेनेच्या शाखा निघाल्या. त्यांनीही याच लहान समाजांतली, काँग्रेसवर चिडलेली पोरं उचलली. १९९६ ला पुंडलिकराव गवळी शिवसेनेचे खासदार झाले, १९९९ पासून भावना गवळी सलग पाच वेळा. एकाच चौकात भगवी पाटी आणि निळी पाटी, आणि दोघींचा डोळा एकाच पोरावर. भगव्या पाटीमागे पैसा होता, मुंबई होती. निळ्या पाटीमागे वर्गणी होती.

१९९८ हे वर्ष आपल्याकडे दोन कारणांसाठी लक्षात ठेवावं. लोकसभेत रिपब्लिकनांचे चार खासदार निवडून आले : अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि मुंबईतून रामदास आठवले. आणि १ जुलैला वाशिम जिल्हा वेगळा झाला. १९९९ ला बाळासाहेब पुन्हा निवडून आले, विधानसभेत भारिप-बमसंचे तीन आमदार गेले, विलासराव देशमुखांच्या सरकारात पक्ष सामील झाला, मखराम पवार मंत्री झाले. हा परमोच्च काळ. पण जिल्हा वेगळा झाल्याने आपल्या शाखा पॅटर्नच्या केंद्रापासून तुटल्या. नेतृत्वाचं लक्ष, बैठका, पैसा अकोल्यात राहिला. वाशिमच्या वाट्याला आले दौरे.

आता कारंज्याकडे येतो, कारण या सगळ्या इतिहासाची परीक्षा तिथे झाली.

कारंजा हे लहान शहर, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६८ हजारांच्या घरात. गुरुमंदिराचं गाव, जैन मंदिरांचं गाव, कापसाच्या बाजाराचं गाव, आणि मोठ्या मुस्लिम वस्तीचं गाव. २०१४ च्या विधानसभेला भारिप-बमसंने इथे युसूफ पुंजानी यांना उमेदवारी दिली. मोदी लाट जोरात, सगळे पक्ष वेगवेगळे लढलेले. भाजपचे राजेंद्र पाटणी जिंकले, पण पुंजानी दुसऱ्या क्रमांकावर आले, अंतर चार हजारांच्या आसपास. २०१६ ला नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला गेला, तेव्हा कारंजा नगर परिषदेवर भारिप-बमसंचा झेंडा लागला. बौद्ध, मुस्लिम आणि ओबीसी मतं एका पेटीत पडली की काय होतं ते साऱ्या जिल्ह्याने पाहिलं.

२०१९ ला काय झालं? पुंजानी त्याच मतदारसंघात बसपाच्या हत्तीवर उभे राहिले, वंचितचा उमेदवार वेगळा. जोडलेले गठ्ठे सुटले, पाटणी पुन्हा आरामात आले. २०२४ ला पुंजानी एमआयएमकडून उभे होते. मी इथे कोणा एकाला दोष देत नाहीये. राजकारणात माणसं जातात, येतात. प्रश्न शाखेचा आहे. पाच वर्षांत एवढी मतं मिळाली, नगर परिषद मिळाली, त्यातून शाखेत नवीन काय राहिलं? मुस्लिम मोहल्ल्यात, माळीपुऱ्यात, तांड्यावर शाखेचे किती कायम सभासद झाले? मतं उमेदवारासोबत आली आणि उमेदवारासोबत गेली. मागे राहिली ती १९५७ पासूनची तीच घरं.

पॅटर्नमधली खरी गळती इथे आहे. बौद्ध मतदार दुसऱ्याला मत देतो, हे सत्तर वेळा सिद्ध झालंय. दुसरा समाज बौद्ध उमेदवाराला मत देतो का? याचं उत्तर वाशिम विधानसभेत बघा. मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव. वरवर वाटेल, ही तर या पक्षाची हक्काची जागा. पण २००९, २०१४, २०१९ असे सलग तीनदा भाजपचे लखन मलिक इथून आले, २०२४ लाही भाजपच. कारण राखीव जागेवर सगळ्याच पक्षांचे उमेदवार अनुसूचित जातीचे असतात, आणि निकाल लावतात बाकीची मतं. १९३२ च्या पुणे कराराबद्दल बाबासाहेबांची जी तक्रार होती, ती हीच. पुस्तकात वाचायची गरज नाही, वाशिमचे निकाल पुरेत.

निशाणीचं दुखणं वेगळंच. फेडरेशनची निशाणी हत्ती, रिपब्लिकनचीही हत्ती. अडाणी म्हातारी डोळे झाकून हत्तीवर शिक्का मारायची. पुढे हत्ती बसपाकडे गेला. वंचितला २०१९ च्या लोकसभेला कपबशी मिळाली, त्याच वर्षी विधानसभेला गॅस सिलिंडर, २०२४ च्या लोकसभेला कुकर, विधानसभेला परत सिलिंडर. दर वेळी भिंती पुसून नव्याने रंगवायच्या, घरोघरी जाऊन सांगायचं, आणि एवढं करून बूथबाहेर कोणी विचारणार, 'आपलं हत्तीच ना?' एवढी मेहनत घेऊनही २०१९ च्या लोकसभेत वंचितला राज्यभर चाळीस लाखांवर मतं पडली. विधानसभेत मात्र एकही जागा आली नाही. त्याच नोव्हेंबरमध्ये भारिप-बमसं वंचितमध्ये विलीन झाला आणि पाटी पुन्हा बदलली.

आणि शेवटचा धक्का कोर्टातून आला. जानेवारी २०२० मध्ये आपल्या जिल्हा परिषदेची निवडणूक झाली, ५२ जागा, कोणालाच बहुमत नाही, वंचितचे सदस्यही सभागृहात गेले. ४ मार्च २०२१ ला विकास किशनराव गवळी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५० टक्क्यांच्या वरचं आरक्षण रद्द केलं. एकट्या वाशिम जिल्हा परिषदेत ओबीसींच्या १४ जागा रिकाम्या झाल्या, ऑक्टोबर २०२१ मध्ये त्या खुल्या प्रवर्गातून पुन्हा लढवल्या गेल्या. पुढे बांठिया आयोग वगैरे झालं, तो विषय वेगळा. मला दिसलं ते एवढंच : कायद्याने उघडलेलं दार कायद्याने बंदही होऊ शकतं. त्या दिवशी लहान समाजांना परत तोच जुना प्रश्न पडला, जो १९८० ला होता. आरक्षण नसेल तर आम्हाला तिकीट कोण देणार?

म्हणून मी म्हणतो, निळ्या शाखांचा इतिहास संपलेला नाही, आणि तो फक्त बौद्धवाड्याचाही नाही. ज्या धनगर, माळी, बंजारा, कोळी घरातला माणूस नव्वदच्या दशकात पहिल्यांदा सभापती, सदस्य झाला, त्या घरानेही आपल्याला पहिलं तिकीट कोणी दिलं, त्यामागे कोणत्या वस्तीची मतं होती, हे एकदा पोरांना सांगायला हवं. आणि शाखेने स्वतःला विचारायला हवं की माणसाला तिकीट देताना त्याच्या गल्लीत आपण शाखा का नाही काढली. नुसती उमेदवारी देऊन युती होते, पक्ष होत नाही. पक्षाला रोजचं काम लागतं, १-ई च्या नोंदीसारखं, ज्यात जात न विचारता सगळे भूमिहीन एका रांगेत उभे राहतात. गायकवाडांच्या सत्याग्रहात ती रांग होती. पॅटर्नमध्ये ती विरळ झाली.

आता एक काम. या शाखांचे कागद कुठल्या ग्रंथालयात नाहीत. ते आहेत पत्र्याच्या पेटीत, विहाराच्या कपाटात, गेलेल्या कार्यकर्त्याच्या घरी माळ्यावर. वर्गणीच्या पावत्या, सत्याग्रहाच्या अटकेचे कागद, हस्तपत्रकं, बैठकीच्या वह्या, जुने फोटो. उधई कोणाचा पक्ष बघत नाही. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा, जिथे कुठे असेल तिथे एवढं करा : वहीच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा, फोटोतल्या माणसांची नावं घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून विचारून मागे लिहा, गाव आणि साल टाका. सत्याग्रहात गेलेली, नामांतराचे दिवस पाहिलेली माणसं अजून आहेत. पुढच्या जयंतीला व्याख्यात्याला बोलवायच्या आधी त्यांना अर्धा तास बोलू द्या, आणि रेकॉर्ड करा.

सुरुवात म्हणून कमेंटमध्ये फक्त एवढंच लिहा : तुमच्या गावात शाखेची पाटी पहिल्यांदा कोणाच्या घरावर लागली होती?

जय भीम. जय सेवालाल.